ईगल्सचे पहिले चार अल्बम नीट कसे ऐकायचे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

"ईगल्सचे जुने अल्बम ऐकले रे, पण सगळी गाणी सारखीच वाटली." सत्तरच्या दशकातल्या या अमेरिकी रॉक बँडबद्दल वर्षातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य माझ्या कानावर येतं. कसे ऐकले म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. फोनवर, शफल लावून, एका कानात इअरबड घालून, आणि सुरुवात 'हॉटेल कॅलिफोर्निया'पासून. म्हणजे आधी कळस, मग पाया.

माझंही सुरुवातीला हेच झालं होतं. एकाने भरून दिलेली कॅसेट मी कित्येक वर्षं वाजवली. तिच्यात 'ऑलरेडी गॉन' संपलं की 'डेस्पराडो'चा पियानो सुरू व्हायचा. ही दोन गाणी एकाच अल्बममधली, एकापाठोपाठ एक, असंच मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या वर्षांतली, दोन वेगळ्या निर्मात्यांकडची आहेत. शिवाय त्यातल्या एका गाण्यात गिटार वाजवणारा माणूस दुसऱ्याच्या वेळी बँडमध्ये आलेलाच नव्हता.

इथे फक्त चार अल्बमांबद्दल लिहितोय: 'ईगल्स' (जून १९७२), 'डेस्पराडो' (एप्रिल १९७३), 'ऑन द बॉर्डर' (मार्च १९७४) आणि 'वन ऑफ दीज नाइट्स' (जून १९७५). पाच-सहा संध्याकाळी मोकळ्या ठेवा. ऐकताना डोक्यात एकच प्रश्न असू द्या: आत्ता कोण गातंय, आणि बँडच्या पहिल्या चौघांतला गिटार-बँजोवाला बर्नी लेडन कुठे आहे?

टप्पा १: आधी काय बाजूला ठेवायचं

पहिला मान 'देअर ग्रेटेस्ट हिट्स १९७१-१९७५' या संकलनाचा. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते आलं आणि जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत जाऊन बसलं. बहुतेकांना ईगल्स भेटले ते याच वाटेने. त्यात वाईट काही नाही, पण या चार अल्बमांकडे न्यायला हा वाटाड्या कामाचा नाही.

हिशेब मांडून बघा. चार अल्बमांत मिळून चाळीस तुकडे आहेत आणि संकलनात त्यातले दहा. त्या दहांत मुख्य आवाज ग्लेन फ्रायचा पाच वेळा, डॉन हेन्लीचा चार वेळा आणि रँडी माइझनरचा एकदा. बर्नी लेडनचा एकदाही नाही. बँडला बँजो, मँडोलिन आणि डोब्रो (धातूची चकती बसवलेली गिटार) देणारा, 'कंट्री' म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत, या शब्दाचा अर्थ ज्याच्या हातात होता तो माणूस गायक म्हणून पूर्ण गायब. संकलन ऐकून 'सगळं सारखंच' वाटतं, त्याचं अर्धं कारण हे आहे.

दुसरं बाजूला ठेवायचं ते 'हॉटेल कॅलिफोर्निया'. तो अल्बम डिसेंबर १९७६ चा. तोवर लेडन बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी जो वॉल्श आला होता. त्या गाण्याच्या शेवटची गिटारांची प्रसिद्ध जुगलबंदी आहे डॉन फेल्डर आणि वॉल्श यांची. पहिल्या दोन अल्बमांत हे दोघंही नाहीत. तेव्हा 'ती गिटार कधी येणार' म्हणून वाट बघत बसाल तर दोन संध्याकाळी फुकट जातील.

सावधान: संकलन आणि 'हॉटेल कॅलिफोर्निया' आठवडाभर अजिबात लावू नका. 'एकदाच, मूड बनवायला' असंही नको. कान लगेच जुन्या सवयीवर जातो.

टप्पा २: साधनं आणि सेटिंग

महागडी यंत्रणा लागत नाही. वायरचे साधे, बरे हेडफोन किंवा दोन स्पीकर पुरतात. मात्र दोन हवेत. टेबलावरचा एकुलता ब्लूटूथ डबा या कामाला चालणार नाही. या रेकॉर्डिंगमध्ये गिटारी डाव्या-उजव्या बाजूला वाटून ठेवल्या आहेत. सगळं एकाच भोकातून आलं की तीन गिटारींची एक जाड गिटार होते, आणि मग कोण काय वाजवतंय ते देवालाच ठाऊक.

अॅपमध्ये चार गोष्टी बंद करा. शफल, अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं काहीतरी लावणं, एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड, आणि बास वाढवणारा इक्वलायझर. क्रॉसफेडकडे खास लक्ष द्या. कधीतरी पार्टीसाठी लावलेला असतो आणि तसाच राहून जातो. 'डेस्पराडो' अल्बममध्ये शांततेच्या जागा मोलाच्या आहेत, आणि क्रॉसफेड नेमका त्याच खाऊन टाकतो. चहूबाजूंनी आवाज फिरवणारं 'स्पेशियल ऑडिओ' असेल तर तेही बंद ठेवा. ही गाणी दोन वाहिन्यांसाठी मिसळली होती, तशीच ऐका.

आता आवृत्ती. शोधल्यावर 'लाइव्ह' लिहिलेल्या डझनभर नोंदी वर येतात. १९८० चा लाइव्ह अल्बम आहे, १९९४ चा पुनर्मीलनाचा आहे. त्यातलं 'डेस्पराडो' ऐकून मूळ अल्बम ऐकला असं समजणारे मला भेटले आहेत. 'रीमास्टर' लिहिलेलं चालेल, घाबरू नका. 'लाइव्ह' लिहिलेलं नको.

तपासा: अल्बमच्या पानावर तुकडे मोजा. 'ईगल्स' दहा, 'डेस्पराडो' अकरा, 'ऑन द बॉर्डर' दहा, 'वन ऑफ दीज नाइट्स' नऊ. आकडा जास्त आला तर मागे जोडकाम केलेली आवृत्ती उघडली आहे.

तयारीतलं शेवटचं आणि बहुतेकांकडून सुटणारं काम म्हणजे प्रत्येक अल्बमच्या दोन याद्या करणं, ए बाजू आणि बी बाजू. हे अल्बम एलपीसाठी रचलेले आहेत. मध्ये उठून तबकडी उलटायची असते, आणि तो थांबा रचनेचाच भाग आहे. विभागणी अशी: 'ईगल्स'ची पहिली बाजू 'नाइटिंगेल'वर संपते, 'डेस्पराडो'ची त्याच नावाच्या गाण्यावर, 'ऑन द बॉर्डर'चीही त्याच नावाच्या गाण्यावर, आणि 'वन ऑफ दीज नाइट्स'ची 'जर्नी ऑफ द सॉर्सरर'वर. बाजू संपली की दोन मिनिटं थांबा. पाणी प्या, गॅलरीत जाऊन या. फोन मात्र उघडू नका.

जुनी एलपीच घ्यायची असेल तर तबकडी बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. नखाला लागणारा चरा आवाजात हमखास येतो, नुसत्या केसासारख्या रेघा बहुधा येत नाहीत. मग ती सपाट धरून कडेने बघा, वाकलेली असेल तर घेऊ नका. पुढच्या दोन अल्बमांचा निर्माता बिल सिमझिक, त्याच्या काळातल्या तबकड्यांवर लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत त्याने कोरून घेतलेली खट्याळ वाक्यं असतात. ती सापडली तर मजा, पण त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याइतकं त्यात काही नाही.

टप्पा ३: चार आवाज वेगळे करायला शिका

अल्बम लावण्याआधी अर्धा तास इथे घालवा. हा टप्पा गाळणाऱ्याचं पुढे पहिले पाढे पंचावन्न होतं.

चौघेही लॉस एंजेलिसमध्ये गायिका लिंडा रॉन्स्टॅटच्या साथीला वाजवताना एकत्र आले. साल १९७१. फ्राय डेट्रॉइटचा, हेन्ली टेक्ससचा. माइझनर 'पोको' या बँडच्या संस्थापकांपैकी. लेडन 'डिलर्ड अँड क्लार्क' आणि 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' हे बँड करून आलेला, म्हणजे ब्लूग्रास (बँजो-मँडोलिनवरचं अमेरिकी लोकसंगीत) आणि कंट्री-रॉकच्या मुळाशीच बसलेला. फ्राय गिटार आणि पियानोवर, हेन्ली ड्रमवर, माइझनर बेसवर. लेडनसमोर ज्याला तार आहे ते सगळं.

पहिल्या अल्बममधून प्रत्येकाचं एकेक गाणं घ्या:

- फ्राय: 'पीसफुल ईझी फीलिंग'. सैल, बोलता बोलता गायल्यासारखा आवाज.
- हेन्ली: 'विची वुमन'. घसा किंचित खरखरीत, शब्दाच्या टोकाला वाळू.
- माइझनर: 'टेक द डेव्हिल'. पातळ आणि उंच. पुढे कोरसमध्ये सगळ्यात वरचा सूर बहुतेकदा हाच लावतो.
- लेडन: 'ट्रेन लीव्ज हिअर धिस मॉर्निंग'. कोरडा, साधा, जराही नाटक नाही. पहिल्यांदा ऐकताना फिका वाटतो.

तपासा: चारही गाणी झाल्यावर 'मोस्ट ऑफ अस आर सॅड' लावा आणि नाव न बघता गायक सांगा. हे फ्रायने लिहिलंय, गायलंय माइझनरने. चुकलात तर चौघांना पुन्हा एकदा ऐका. बरोबर आलं तर पुढे चला.

टप्पा ४: 'ईगल्स' (१९७२), दोन संध्याकाळी

या अल्बमला जास्त वेळ द्या. पुढचे तिन्ही याच्यापासून किती दूर गेले ते मोजायचं असेल तर हा पाठ असायला हवा.

पहिल्या संध्याकाळी नुसता ऐका. सुमारे सदतीस मिनिटं, मध्ये एक थांबा. कागद नको, गाण्यांचे शब्द नकोत, कोणाचं मत वाचणं नको.

दुसऱ्या संध्याकाळी कागद घ्या आणि प्रत्येक गाण्यापुढे गायकाचं नाव लिहा. शेवटी बेरीज करा: फ्राय तीन, माइझनर तीन, हेन्ली दोन, लेडन दोन. पुढे ज्याच्या आवाजाने हा बँड ओळखला जाणार, त्या हेन्लीच्या वाट्याला इथे दोन गाणी, आणि लेखनात त्याचं नाव एकट्या 'विची वुमन'वर. चार जणांनी पंगतीत सारखं वाढून घेतलेला अल्बम आहे हा. तो कागद जपून ठेवा, पुढे लागेल.

आता जवळून ऐकायच्या दोन जागा.

पहिली, 'टेक इट ईझी'. गायक-गीतकार जॅक्सन ब्राउनने अर्धवट सोडलेलं हे गाणं फ्रायने पुरं केलं. सुरुवातीची मोकळी, घवघवीत गिटार सगळ्यांना माहीत असते. तुम्ही बँजो शोधा. निर्माता ग्लिन जॉन्सने लेडनला इथे बँजो वाजवायला लावला, आणि तो दुगुनीत चालतो. बाकी बँड रमतगमत निघालाय आणि खालून एक माणूस त्याच रस्त्याने पळतोय. बँजो नेमका कुठे शिरतो तो क्षण पकडा. मग शेवट ऐका. गाणं 'जी' या स्वराच्या घरचं, पण थांबतं 'ई मायनर' या स्वरमेळावर. इतक्या आनंदी गाण्याचा शेवटचा स्वरमेळ किंचित उदास आहे. शफलमध्ये पुढचं गाणं अंगावर येतं आणि हे कधीच कळत नाही.

दुसरी, 'पीसफुल ईझी फीलिंग'मधली लेडनची गिटार. सूर मध्येच मींड घेतल्यासारखा वर सरकतो, पेडल स्टीलसारखा (पायाच्या पट्ट्यांनी सूर सरकवायची आडवी गिटार), पण पेडल स्टील तिथे नाही. गिटारच्या आत 'बी-बेंडर' नावाची यंत्रणा बसवलेली असते. खांद्यावरचा पट्टा ताणला की 'बी'ची तार एका पूर्ण स्वराने चढते आणि बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. एक स्वर हलतोय आणि शेजारचे स्थिर आहेत, हे कानाला जाणवेपर्यंत तो तुकडा पुन्हा पुन्हा लावा. या संपूर्ण टप्प्यात मागे-पुढे करायची परवानगी फक्त इथे आहे.

नेहमीची चूक: या अल्बमला 'कॅलिफोर्नियाचा आवाज' म्हणून मोकळं होणं. ध्वनिमुद्रण झालंय लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत, अपवाद 'नाइटिंगेल'चा. जॉन्स म्हणजे रोलिंग स्टोन्स आणि लेड झेपेलिन यांच्यासोबत काम केलेला इंग्लिश माणूस. ड्रमसाठी तो मोजकेच मायक्रोफोन लावायचा, त्यामुळे इथले ड्रम खोलीत वाजतायत असे ऐकू येतात, कानाला चिकटत नाहीत. त्याच्या मते या पोरांची ताकद एकत्र गाण्यात होती. फ्रायला हवं होतं दणदणीत रॉक. 'चग ऑल नाइट' ऐकलंत की जॉन्सचं म्हणणं पटतं, असं माझं मत. तेवढंच एक गाणं मी अजून सहन करतो, आवडत नाही.

टप्पा ५: 'डेस्पराडो' (१९७३), एकाच बैठकीत

हा तुकड्यांत ऐकू नका. छत्तीस मिनिटांच्या आसपास आहे. तेवढा वेळ सलग मिळत नसेल तर दुसऱ्या दिवशी लावा.

आधी एवढीच गोष्ट माहीत हवी. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी डाल्टन टोळीने कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल गावात एकाच वेळी दोन बँका लुटायचा प्रयत्न केला. गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या. टोळीतले चार आणि गावातले चार मेले, एमेट डाल्टन जखमी अवस्थेत वाचला. टोळीतला बिल डूलिन त्या दिवशी तिथे नव्हता. त्याने पुढे स्वतःची टोळी उभी केली आणि १८९६ मध्ये तोही मारला गेला. पहिल्या गाण्याचं नाव 'डूलिन-डाल्टन' आहे ते यावरून.

मेलेल्या डाकूंना ओळीने ठेवून काढलेला फोटो तेव्हा गाजला होता. अल्बमच्या मागच्या बाजूला त्याचीच नक्कल आहे, आणि बांधून जमिनीवर पाडलेले आहेत बँडमधले चौघे, जॅक्सन ब्राउन आणि त्यांचा गीतकार मित्र जे. डी. साउदर. फोटो हेन्री डिल्ट्झचा. ऐकण्याआधी तो एकदा मोठा करून बघा. डाकू आणि रॉकवाला एकाच मातीचे, दोघांचा शेवटही ठरलेला, हा अल्बमचा मुद्दा त्या एका फोटोत आहे.

मग लावा, आणि ऐकताना या खुणा धरा. 'डूलिन-डाल्टन' माउथऑर्गनने उघडतं. 'ट्वेंटी-वन' लेडनचं, तरुण आणि बेफिकीर. 'टकीला सनराइज'नंतर 'डेस्पराडो' येतं आणि बाजू संपते. दुसऱ्या बाजूला 'सर्टन काइंड ऑफ फूल' माइझनर गातो. तिथून बंदूक आणि गिटार यांची सरमिसळ सुरू होते. मग डूलिन-डाल्टनची चाल पुन्हा येते, मिनिटभरसुद्धा नाही, नुसता बँजो पुढे. मला विचाराल तर अल्बमचा गाभा इथे आहे. 'सॅटर्डे नाइट'मध्ये मँडोलिन आहे आणि ठेका तीन मात्रांचा, दादरा मोजतो तसा मांडीवर मोजून बघा. 'बिटर क्रीक' पुन्हा लेडनचं. आणि अगदी शेवटी दोन्ही मुख्य चाली एकमेकींत गुंफून परत येतात.

सावधान: 'डेस्पराडो' हे गाणं लग्नाच्या रिसेप्शनपासून टीव्हीवरच्या स्पर्धेपर्यंत इतक्या ठिकाणी गायलं गेलंय की ते अल्बमात आलं की लोक सरसावून बसतात आणि नंतर ढिले पडतात. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या तबकडीवर, कधी निघालंच नाही. त्याला पाचवं गाणं म्हणूनच ऐका, पहिल्या बाजूचा शेवट म्हणून. ज्याला ते समजावतंय तो माणूस आधीच्या चार गाण्यांत येऊन गेलेला आहे.

आणखी एक चूक उलट्या बाजूची. कोण कधी मेला, कोणत्या गाण्यात कोण बोलतंय, असा पूर्ण कथासार जुळवायला जाऊ नका. जुळत नाही. 'आउटलॉ मॅन' तर डेव्हिड ब्लूने लिहिलेलं, बाहेरून आणलेलं गाणं आहे.

तपासा: शेवटची चाल परत आली तेव्हा ती पहिल्या गाण्यातली म्हणून ओळखू आली का? नसेल आली तर मध्ये लक्ष उडालं होतं. उद्या पुन्हा.

टप्पा ६: 'ऑन द बॉर्डर' (१९७४), शिवण शोधा

या अल्बमचं काम सुरू झालं लंडनला जॉन्सकडे. दोन्ही बाजूंचं बिनसलं. बँड लॉस एंजेलिसला परतला आणि बिल सिमझिककडे गेला. जॉन्सकडची दोनच गाणी ठेवली: 'यू नेव्हर क्राय लाइक अ लव्हर' आणि 'बेस्ट ऑफ माय लव्ह'.

गंमत म्हणजे ही शिवण पहिल्या दोन गाण्यांच्या मधोमध आहे. पहिलं 'ऑलरेडी गॉन' सिमझिकचं, दुसरं जॉन्सचं. तेव्हा हा अल्बम पूर्ण ऐकायच्या आधी ही दोनच गाणी लागोपाठ दोनदा लावा आणि फक्त ड्रम व गिटार ऐका. पहिल्यात गिटारी पुढे येऊन छातीवर बसतात, त्यात डॉन फेल्डरची भर आहे. दुसऱ्यात सगळं दोन पावलं मागे सरकतं, आवाजांभोवती हवा येते. एकदा हे कळलं की बाकीचा अल्बम कुठून कुठे निघालाय ते सांगावं लागत नाही. शेवटचं गाणं पुन्हा जॉन्सचं. म्हणजे बँड निघून गेलाय आणि दार जुन्या घराचं वाजतंय. तेच 'बेस्ट ऑफ माय लव्ह' मार्च १९७५ मध्ये त्यांचं पहिलं नंबर एकचं गाणं ठरलं. फ्रायला काय वाटलं असेल कोण जाणे.

फेल्डर अल्बम जवळपास होत आल्यावर आला. 'गुड डे इन हेल'मधली स्लाइड गिटार त्याची. पाकिटावर त्याच्या नावापुढे 'उशिरा आलेला' अशा अर्थाची नोंद आहे.

आता तो जुना कागद काढा आणि लेडनचा रकाना भरा. मुख्य आवाज एकदाच: 'माय मॅन'. ग्रॅम पार्सन्स सप्टेंबर १९७३ मध्ये गेला, फ्लाइंग बरिटो ब्रदर्समधला त्याचा सहकारी. त्याच्यासाठी लिहिलेलं हे गाणं. टप्पा ३ मध्ये लेडनचा आवाज फिका वाटला असेल तर तो इथे पुन्हा ऐका. रडं न आणता मित्राबद्दल गायचं तर आवाज असाच लागतो. 'मिडनाइट फ्लायर'मधला बँजोही त्याचाच, गाणं मात्र माइझनरकडे.

नेहमीची चूक: 'जेम्स डीन'पाशी कंटाळून अल्बम सोडणं. सोडू नका, लगेच पुढे 'ओल फिफ्टी-फाइव्ह' आहे. टॉम वेट्सचं गाणं, फ्राय आणि हेन्ली वाटून गातात, आणि अल पर्किन्सची खरीखुरी पेडल स्टील. टप्पा ४ मधल्या बी-बेंडरशी ताडून बघा.

टप्पा ७: 'वन ऑफ दीज नाइट्स' (१९७५), लेडनसाठी

हा त्यांचा पहिला नंबर एकचा अल्बम. पहिल्याच गाण्यात बेस आणि हेन्लीचा उंच लावलेला आवाज मिळून सांगतात की आता रात्र शहरातली आहे. इथे फार शिकवण्यासारखं नाही, कान तयार झालेला असतो. तीन जागा तेवढ्या सांगतो.

'जर्नी ऑफ द सॉर्सरर' हे लेडनचं वाद्यसंगीत, साडेसहा मिनिटांच्या वर. बँजो आणि तारवाद्यांचा ताफा. लोक इथे पुढचं बटण दाबतात. दाबू नका. बीबीसीच्या 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' या १९७८ च्या रेडिओ मालिकेचं शीर्षकसंगीत म्हणून हीच रचना घेतली होती, कदाचित तुम्ही आधीच ओळखत असाल.

'टेक इट टु द लिमिट' पुन्हा तीन मात्रांत, माइझनरचं. शेवटी तो चढत जातो तेव्हा खालचा कोरस ऐका, त्याला नको. त्याच्याकडे लक्ष आपोआप जातंच.

आणि अगदी शेवटचं 'आय विश यू पीस'. लेडन आणि पॅटी डेव्हिस यांचं, लेडनने गायलेलं. पॅटी डेव्हिस म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांची मुलगी. बँडमधल्या बाकीच्यांना हे गाणं फारसं रुचलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्यांपैकीही बरेच जण ते गुळचट म्हणून सोडून देतात. पण चार अल्बम क्रमाने ऐकून इथवर आलात तर त्याच्या मऊपणामागे काय आहे ते कळेल. फ्रायच्या डोक्यावर बिअर ओतून लेडन निघून गेल्याचा किस्सा त्याच वर्षातला. डिसेंबरमध्ये तो अधिकृतपणे बाहेर पडला.

तपासा: कागदावर लेडनचा रकाना आता असा दिसला पाहिजे: दोन, दोन, एक, एक.

टप्पा ८: यानंतर काय लावायचं, काय नाही

लगेच 'हॉटेल कॅलिफोर्निया' नको. दोन दिवस मागे जा. जॅक्सन ब्राउनने १९७३ मध्ये 'फॉर एव्हरीमॅन' या अल्बमच्या सुरुवातीला स्वतः गायलेलं 'टेक इट ईझी' ऐका. मग डिलर्ड अँड क्लार्कचं १९६८ मधलं 'ट्रेन लीव्ज हिअर धिस मॉर्निंग'. ते लेडनने जीन क्लार्कबरोबर लिहिलं होतं, म्हणजे ईगल्सच्या पाटीवर ते घरूनच आलं. वेळ असेल तर लिंडा रॉन्स्टॅटचा तिच्याच नावाचा १९७२ चा अल्बम. त्यावर हे चौघेही वाजवताना सापडतील.

सगळ्यात शेवटी, आठवडाभर कुलूपबंद ठेवलेलं ते संकलन काढा. पहिल्या बाजूचं चौथं गाणं लावा, 'ऑलरेडी गॉन'. ते संपताना तुमचा कान कशाची वाट बघतोय ते पाहा. 'यू नेव्हर क्राय लाइक अ लव्हर'चे मागे सरकलेले ड्रम अपेक्षित असतील आणि त्याऐवजी 'डेस्पराडो'चा पियानो आल्यावर दचकलात, तर काम झालं. दचकला नाहीत तर टप्पा ६ पुन्हा करा.